तबकडीची दुसरी बाजू

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असतात, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं तिलाहि कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आरंभीं तसें नव्हतें. आपल्या देशांत प्रथम ज्या तबकड्या निघाल्या त्या एकांगी होत्या. त्यांची पाठ कोरी असे. फार तर तीवर कंपनीची मुद्रा उमटवलेली असावयाची. त्या कोऱ्या पाठीवर गाणें कसें आलें, आणि तेथें जें आलें त्याचें आपल्या संगीताच्या इतिहासांत काय स्थान आहे, एवढाच विषय आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे. विषय लहान दिसतो खरा. पण दोन पिढ्यांचे आवाज त्याच्याशीं निगडित आहेत.

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास आपलीं यंत्रें मांडलीं. तेथें त्यानें ज्यांचें गाणें घेतलें त्यांत सुप्रसिद्ध गौहरजान या होत्या. गाणें संपतांच त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत. याचें कारण असें सांगतात कीं, मेणावरील ठसे तबकड्या काढण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हर शहरीं जात, आणि कोणता ठसा कोणाचा हें तेथील कामगारांस या उच्चारावरून कळे. कलकत्त्यास कंपनीचा स्वतःचा कारखाना निघाला तो १९०८ सालीं. मराठी रसिकांच्या दृष्टीनें यांत हळहळण्याजोगी गोष्ट ही कीं, संगीत रंगभूमीवर ज्यांच्या आवाजानें एक काळ गाजविला ते भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींतच निवर्तले होते. पावणेदोन वर्षांचें अंतर. तेवढ्यानें तो आवाज कायमचा हुकला.

तबकडीच्या दोन्ही अंगांवर गाणें उमटविण्याची युक्ति १९०४ सालीं जर्मनींतील ओडिऑन कंपनीनें व्यापारांत आणली. तिच्यामागें कलेचा विचार मुळींच नव्हता. होता तो निव्वळ काटकसरीचा. एका तबकडीच्या मालांत दोन गाणीं निघाल्यावर गिऱ्हाईक एका गाण्याच्या तबकडीला हात कशाला लावील? इतर कंपन्यांनीं प्रथम नाकें मुरडलीं, पण थोड्याच वर्षांत त्यांनाहि तीच वाट धरावी लागली. अशा रीतीनें संगीताच्या इतिहासांत ‘दुसरी बाजू’ जन्मास आली, ती कोणा कलावंताच्या इच्छेनें नव्हे, तर कारखानदाराच्या हिशेबानें.

आतां ही दुसरी बाजू घरोघर ऐकली कशी जात असे तें पाहूं. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे या वेगानें फिरे आणि सुमारें तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. बारा इंचीवर आणखी मिनिटभर मिळे. बाजू संपली कीं कोणी तरी उठावयाचें, दांडी उचलावयाची, तबकडी उलटावयाची, लहानशा डबींतून नवी पोलादी पिन काढून बसवावयाची — कारण एका पिनेनें एकच बाजू वाजवावी असा कंपनीचा दंडक — आणि मग पेटीला पुन्हां चावी द्यावयाची. एवढा खटाटोप जी बाजू आवडे तिच्यासाठींच होई. घरांतील मंडळी आवडतें गाणें पुन्हां पुन्हां लावीत. दुसरें मात्र पाहुण्यांस एकदां ऐकवून पुरे होई. पिनेचाहि खर्च होताच. एक पिन चार-चार वेळां चालविणारीं घरें कांहीं थोडीं नव्हतीं!

याचा परिणाम जुन्या तबकड्यांवर आजहि डोळ्यांना दिसतो. तबकडी उजेडांत धरावी. जी बाजू गाजली तिच्या रेषा पिनेनें खरवडून पांढुरक्या झालेल्या असतात. तिच्यांतून गाण्याआधीं खरखर ऐकूं येते. मागची बाजू मात्र काळीभोर आणि चकचकीत. एका परीनें हा न्याय विलक्षणच म्हणावयाचा. लोकांनीं जिच्यावर प्रेम केलें ती प्रेमानेंच झिजली, आणि जिची उपेक्षा झाली ती जशीच्या तशी आपल्या हातीं आली. गायकाचा खरा आवाज, त्याच्या श्वासासकट आणि साथीच्या पेटी-सारंगीसकट, ज्यास ऐकावयाचा असेल त्यानें पुष्कळदां मागच्याच बाजूकडे वळावें.

तेव्हां या मागच्या बाजूवर असे काय? यास एकच उत्तर नाहीं. शास्त्रोक्त गाण्याच्या तबकडींत कित्येकदां एकाच रागाचे दोन भाग करीत. एका अंगास विलंबित, दुसऱ्या अंगास द्रुत. अशा तबकडींत मागची बाजू कमी प्रतीची मुळींच नसे; उलट तानांची फेंक तेथेंच मोकळी होई. कित्येकदां एका अंगास ख्याल आणि दुसऱ्या अंगास ठुमरी, भजन किंवा नाटकांतलें पद, म्हणजे एक बाजू जाणकारांसाठीं आणि एक घरच्या मंडळींसाठीं. नाट्यपदांच्या तबकड्यांत दोन्ही बाजूंना पदेंच. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, रंगभूमीवर एकेक पद ‘वन्समोअर’ घेत घेत किती तरी वेळ आळवीत. त्याच पदाला तबकडीवर तीन मिनिटांच्या कोंडींत बसावें लागे. ही कोंडी पुष्कळांना मानवली नाहीं. जयपूर घराण्याचे अल्लादियाखां १९४६ सालीं गेले, आणि भास्करबुवा बखले त्यापूर्वींच, १९२२ सालीं. दोघांचेहि आवाज तबकडींत उरले नाहींत. ज्या दोघांनीं महाराष्ट्राच्या गाण्याला वळण दिलें त्यांचीं गाणीं आज केवळ शिष्यांच्या गळ्यावरून अजमावावीं लागतात. याच्याशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे तीन मिनिटांच्या एखाद्या उपेक्षित बाजूचें मोल कळतें.

तबकडीवर छापील लेबल असे, त्यावर दोन्ही अंगांस बहुधा एकच क्रमांक. परंतु लेबलाभोंवतींच्या गुळगुळीत पट्टींत बारीक अक्षरांनीं आणखी एक आंकडा कोरलेला असतो, तो ज्या त्या बाजूचा स्वतंत्र. हा आंकडा ध्वनिमुद्रणाच्या वेळचा. इतिहासकाराला खरा उपयोग याचाच. दोन बाजूंचे आंकडे लागोपाठचे असले तर तीं दोन गाणीं एकाच बैठकींत झालीं असें समजावें. फार अंतर असलें तर कंपनीनें आधींचें एखादें पडून राहिलेलें गाणें नव्याच्या पाठीला चिकटविलें असें अनुमान निघतें. तांब्याच्या ताम्रपटावरून राजांच्या पिढ्या लावणारे आपले संशोधक जें काम करतात तेंच हें, फक्त लाखेवर.

या सर्वांचें एक बोलकें उदाहरण मराठी भावगीताच्या जन्मकाळांतच सांपडतें. १९३२ च्या सुमारास मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशी — रसिक त्यांना जी. एन. जोशी या नांवानें ओळखतात — यांच्या आवाजांत हिज मास्टर्स व्हॉइसनें, म्हणजे लोकांच्या भाषेंत ‘कुत्रा छाप’ कंपनीनें, काढली. जोशी हे वकिलीची परीक्षा दिलेले तरुण गृहस्थ. नाटककंपनींतले नट नव्हेत कीं गाणाऱ्या घराण्यांतले नव्हेत. नाटकाचें कथानक नाहीं, पात्र नाहीं, केवळ एक कविता आणि एक गळा. आणि तें गाणें महाराष्ट्रभर पसरलें. सुशिक्षित घरांतील मुलानें कविता गाऊन दाखवावी आणि ती बाजारांत विकली जावी, ही कल्पनाच त्या वेळीं नवी होती.

याच सुमारास धारवाड-हुबळीकडील एक विशीच्या आंतबाहेरची मुलगी मुंबईस ध्वनिमुद्रणासाठीं आली. तिचें नांव गंगू. कंपनीच्या लोकांना हें नांव तबकडीवर शोभणारें वाटलें नाहीं. म्हणून लेबलावर छापलें ‘गांधारी हनगल’. याच पुढें गंगूबाई हनगल म्हणून सगळ्या देशाला वंद्य झाल्या. त्यांचा जन्म १९१३ चा, मातोश्री अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका, घरची भाषा कानडी. या कानडी मुलीनें आणि जोशांनीं मिळून मराठी युगुलगीतें गाइलीं. त्यांतलें ‘चकाके कोर चंद्राची’ हें जुन्या मंडळींस अजून आठवतें. नाटकाबाहेर, दोन सुशिक्षित आवाजांनीं मिळून म्हटलेलें प्रेमाचें गाणें ही त्या काळीं धीटपणाचीच गोष्ट म्हणावयाची. दोघांच्याहि आयुष्यांत मात्र हा अध्याय लौकरच संपला. जोशी १९३८ सालीं त्याच कंपनींत नोकरीस लागले आणि पुढें दुसऱ्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित करण्यांत त्यांचीं तीन-साडेतीन दशकें गेलीं. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तिघांना एकत्र आणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर खपलेली तबकडी काढणारे ते हेच. गंगूबाई कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे तालमीस बसल्या आणि किराणा घराण्याच्या ख्यालाशिवाय दुसऱ्या कशाकडे त्यांनीं मग पाहिलें नाहीं.

गांधारी हनगल या नांवाच्या तबकड्यांना केवळ आठवणींचें मोल असतें तर मी त्यांचा एवढा विस्तार केला नसता. खरी गोष्ट निराळी आहे. गंगूबाईंचा जो आवाज आपण जाणतों, तो भरदार, खर्जाकडे झुकलेला, पुरुषी म्हणावा असा आवाज, त्यांचा मूळचा नव्हे. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि त्यानंतर आवाज बदलला. आधींचा आवाज उंच, बारीक आणि गोड होता. २००९ सालीं त्या गेल्या, तोंपर्यंत साठांहून अधिक वर्षें लोकांनीं दुसराच आवाज ऐकला. पहिल्या आवाजाचा पुरावा कोठें आहे? कोणत्याहि जलशाच्या बातमींत नाहीं, कोणत्याहि चरित्रांत नाहीं. तो फक्त त्या थोड्या लाखेच्या तबकड्यांत आहे. त्या नसत्या तर ‘त्यांचा आवाज पूर्वीं बारीक होता’ हें वाक्य आपण वाचलें असतें आणि विसरलों असतों. तबकडी लावली म्हणजे मात्र माणूस चपापतो. एकाच बाईचे हे दोन गळे आहेत यावर कान विश्वास ठेवीत नाहींत. आणि मग हळूच एखाद्या स्वरावर थांबण्याची ती ओळखीची रीत ऐकूं येते, तेव्हां पटतें.

अशा तबकड्या मोठ्या संख्येनें नाहींशा झाल्या. लाख ही आपल्याच छोटा नागपुराकडील रानांतली. तींत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडीचा माल तयार होई. तो टणक पण अत्यंत ठिसूळ. हातून निसटली कीं संपली, आणि एक बाजू फुटली म्हणजे दुसरीहि फुटतेच. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई झाली. १९४२ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या सरकारनें युद्धाबाहेरील कामांसाठीं लाखेचा वापर ७० टक्क्यांनीं उतरविला. तिकडे नवी तबकडी हवी तर जुनी परत आणा असें दुकानदार सांगूं लागले, आणि जुन्या तबकड्या पुन्हां भट्टींत गेल्या. गाण्यानें गाणें खाल्लें असेंच म्हणावयाचें. पुढें लवचिक मालाच्या, मंद फिरणाऱ्या लांब तबकड्या निघाल्या, आणि १९७० च्या सुमारास आपल्याकडे ७८ फेऱ्यांची तबकडी निघणेंहि बंद पडलें.

मराठवाड्यांतील घरांचा अनुभवहि याहून वेगळा नाहीं. निजामाच्या राज्यांत हैदराबादेप्रमाणें औरंगाबादेसहि नभोवाणीचें केंद्र होतें. १९५० सालीं तीं दोन्ही ऑल इंडिया रेडिओकडे आलीं. घरांत रेडिओ आला तेव्हां पेटीची चावी गंजूं लागली. त्याच औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगराहून, पैठणकडे निघालें म्हणजे चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशीं चितेगांव लागतें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या गांवाचें नांव सगळ्या देशांत गेलें तें व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें. पैठण तालुक्यांतील या शेतकरी गांवांतून दूरदर्शनचे संच गाड्या भरभरून बाहेर पडूं लागले. बैठकीच्या खोलींत जी मानाची जागा पूर्वीं कर्ण्याच्या पेटीला आणि मागाहून रेडिओला होती ती या संचानें घेतली. पेटी माळ्यावर गेली. तबकड्या आधीं माळ्यावर, आणि घर बदलतांना जुन्या बाजारांत. २०१८ सालीं ती कंपनीहि दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली. एका यंत्रानें दुसऱ्याला माळ्यावर धाडावें आणि मग तिसऱ्यानें त्याला, हा क्रम काय सांगावा!

जुन्या बाजारांत गेलेल्या तबकड्या अगदींच बुडाल्या नाहींत, याचें श्रेय कंपन्यांना थोडें आणि संग्राहकांना फार. १९९० सालीं मुंबईंत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. तिच्या चालकांत सुरेश चांदवणकर यांच्यासारखे विज्ञानाचे अभ्यासक होते. या मंडळींनीं चोरबाजारांतून आणि रद्दीवाल्यांकडून तबकड्या उचलल्या, पट्टींतील आंकडे उतरून घेतले, याद्या छापल्या आणि ऐकण्याच्या बैठकी भरविल्या. पगारी काम नव्हे, सरकारी नव्हे. रविवारची सुटी आणि पदरचा पैसा. कंपन्यांनींहि आपल्या जुन्या गाण्यांचे संग्रह आधीं लांब तबकड्यांवर, मग कॅसेटवर पुन्हां काढले. त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण बहुतेकांची निवड एकाच चालीची. जें गाजलें तेवढेंच घ्यावयाचें. म्हणजे ज्या बाजू पिनेनें आधींच झिजल्या होत्या त्यांनाच पुन्हां मान, आणि काळीभोर बाजू पुन्हां काळोखांत.

पश्चिमेकडे याबाबतींत निराळी दृष्टि आढळते. तिकडील तरुणांच्या वाद्यवृंदांनीं लहान तबकडीच्या मागच्या बाजूचा उपयोग प्रयोगशाळेसारखा केला. बीटल्स या चौकडीनें १९६६ सालीं ‘पेपरबॅक रायटर’च्या पाठीला ‘रेन’ हें गाणें ठेवलें आणि त्याच्या शेवटीं गायकाचा आवाज चक्क उलटा वाजविला. पुढच्या बाजूवर हें धाडस त्यांनीं केलें असतें असें मला वाटत नाहीं. ‘पेट शॉप बॉइज’ या इंग्रज जोडगोळीनें तर १९९५ सालीं केवळ आपल्या मागच्या बाजूंचा ‘ऑल्टर्नेटिव्ह’ नांवाचा संग्रह काढला, आणि रसिकांनीं तो आवडीनें घेतला. आपल्याकडे जोशी आणि गांधारी हनगल यांच्या तबकड्यांचा, दोन्ही बाजूंसह, मुद्रणक्रमांकांच्या क्रमानें लावलेला असा एखादा संग्रह सहज शोभेल. माल फार नाहीं. एका संध्याकाळीं ऐकून होईल एवढाच.

जाण्यापूर्वीं आणखी एका तबकडीची हकीकत सांगतों. अल्लादियाखांचा आवाज उरला नाहीं असें वर म्हटलें. परंतु त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर, यांनीं थोड्या तबकड्या दिल्या. थोड्याच, कारण या बाईंना यंत्रांचा मनस्वी तिटकारा. बैठकींत कोणी ध्वनिमुद्रण करतांना आढळला तर त्याची धडगत नसे. त्यांची भैरवींतील ‘जात कहां हो’ ही चीज साडेतीन मिनिटांची. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें ग्रहमालेबाहेरच्या प्रवासास पाठविलीं, आणि त्यांजबरोबर पृथ्वीवरील आवाजांची एकेक तबकडी द्यावयाचें ठरलें. रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकानें भारताच्या वतीनें या भैरवीचें नांव सुचविलें. अडचण अशी कीं तबकडी बाजारांतून केव्हांच गेलेली. निवडीच्या कामांतील टिमोथी फेरिस यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, शोध घेतां घेतां न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानांत, मागल्या बाजूस टेबलाखालीं पडलेल्या एका खोक्यांत, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती मिळाल्या.

यानें ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत सुटलीं. त्याच सप्टेंबरच्या सोळा तारखेस मुंबईंत केसरबाईंचें देहावसान झालें. यानांतील ती तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, बारा इंची, आणि दोन बाजूंची. तींत संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत; केसरबाईंचा पंचविसावा. म्हणजे त्यांची भैरवी तेथेंहि दुसऱ्याच बाजूवर, अगदीं शेवटाकडे आहे, बैठकींत भैरवी जेथें असावयाची तेथें. पहिलें व्हॉयेजर २०१२ सालीं सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर पडलें. तबकडीच्या वेष्टनांत, ज्यास ती लावावीशी वाटेल त्याच्या सोयीसाठीं, एक पिनहि ठेवलेली आहे.